बसवून ठेवलेली माणसं

वसई तालुक्यातल्या अर्नाळ्याचा सुका बोंबील बाजारात पोचतो तेव्हा त्यामागे किती हात लागले, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. डोलीचं जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं, म्हणून किनाऱ्यावरचं कामही घड्याळापेक्षा पाण्याच्या वेळेवर चालतं. होडी लागली की माल टोपल्यांतून वाळूवर आणायचा, बोंबील, मांदेली, जवळा, करंदी वेगवेगळी करायची, धुवायची, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीच्या दोरांवर टांगायचे, जवळा पसरायचा, खालीवर करायचा, कावळे-कुत्री हाकलायची, सुकलेला माल गोळा करून घरात न्यायचा. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सुताची किंवा तागाची असत. ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत, आणि हे काम वर्षभर पुन्हापुन्हा निघे. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या वर ओढताना तर दोराला जितके हात मिळतील तितके कमीच. हे सगळं काम बारीक बारीक तुकड्यांत मोडलेलं आहे. त्यातल्या पुष्कळ तुकड्यांना अक्षरओळख लागत नाही, आकडेमोड लागत नाही. शेजारचा काय करतो ते पाहून तसंच करता आलं की पुरतं. शिवाय घरच्या धंद्यात पगारी आणि बिनपगारी अशी वाटणी नसते. घरातलं जे अंग हलतं ते कामाला लागतं. ‘मंद’ म्हणून गावाला ठाऊक असलेल्या माणसालाही यातला एखादा तुकडा जमू शकतो, आणि तो करताना त्याचं शरीर दिवसाचे कित्येक तास चालतं, वाकतं, उचलतं, ओढतं.

आज बौद्धिक अपंगत्व असलेली प्रौढ माणसं बहुतांशी बसून असतात. ओट्यावर, दूरदर्शन संचासमोर, नाहीतर पलंगावर. वजन वाढलेलं, पोट साफ नाही, जिना चढला की धाप. घरचे म्हणतात, ‘त्याला बसायलाच आवडतं.’ डॉक्टरही अनेकदा तेच गृहीत धरतात. माझं म्हणणं असं की हे बसणं त्या अपंगत्वाचा गुण नाही. ते घडत गेलं आहे, त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास अर्नाळ्यासारख्या गावातून पाहिला तर जास्त स्पष्ट दिसतो. कारण इथे शरीराला काम देणारी जुनी व्यवस्था आणि तिच्या जागी आलेली नवी व्यवस्था, दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत.

अर्नाळ्याचा लिहिलेला इतिहास किल्ल्याचा आहे. गुजरातचे सुलतान, मग पोर्तुगीज, १७३७ साली मराठे, दोन वर्षांनी वसईचा पाडाव, पुढे इंग्रज. हा क्रम इथल्या शाळकरी मुलालाही सांगता येतो, आणि बाजीराव पेशव्यांचं नाव किल्ल्याच्या दरवाजावरच्या शिलालेखात कोरलेलं आहे. ज्या माणसांविषयी इथे बोलायचं आहे त्यांचं नाव मात्र सरकारी कागदावरही उशिरा आलं. १८८१ च्या शिरगणतीत ‘वेडे’ हा रकाना होता. मनोरुग्ण कोण आणि जन्मापासून बुद्धीची वाढ कमी झालेला कोण, हा फरक त्यात करता येत नव्हता. १९३१ नंतर अपंगांची मोजणीच थांबली. १९८१ मध्ये ती परतली ती आंधळे, पांगळे आणि मुके एवढ्यांपुरती. २००१ मध्ये ‘मानसिक’ असा एकच ढोबळ वर्ग आला, आणि मनोविकार व बौद्धिक अपंगत्व यांचे वेगळे रकाने भरले गेले ते थेट २०११ साली. त्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ लाख ६० हजार माणसं या वर्गात नोंदली गेली. कायद्याचीही हीच तऱ्हा. १९१२ च्या लुनॅसी कायद्यातल्या ‘वेड्या’च्या व्याख्येत जन्मतः मंदबुद्धी माणूसही धरलेला होता. त्यानुसार अशा माणसाची सरकारी जागा एकच, वेड्यांचं इस्पितळ. आणि अर्नाळा तेव्हा ज्या जिल्ह्यात होतं त्या ठाण्यात ते १९०१ पासून नौपाड्याला उभं होतं. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १९९३ मध्ये लागू झाला तेव्हा कुठे ‘मतिमंदत्व’ या व्याख्येतून बाहेर पडलं. म्हणजे ऐंशी वर्षं राज्याच्या लेखी या माणसाला दोनच ठिकाणं होती, कोंडवाडा किंवा घर. घर म्हणजे अर्नाळ्यात धंदा, आणि धंदा म्हणजे हालचाल.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. जुन्या गावाचं हे चित्र गोड करून रंगवलेलं नाही का? अशा माणसाला राबवून घेत, त्याची टिंगल होई, मोबदला म्हणून जेवण आणि जुना सदरा. फेफरं येणारा माणूस पाण्याच्या कडेला काम करताना जिवाला मुके. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यातले कित्येक मोठे होतच नसत. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो; प्रतिजैविकं आणि हृदयाच्या शस्त्रक्रिया नव्हत्या त्या काळात त्यातली थोडीच विशीपर्यंत पोचत. अमेरिकेतसुद्धा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचं सरासरी आयुष्य पंचविशीच्या आसपास होतं. आज ते साठीला टेकलं आहे. तेव्हा पन्नाशीचा बौद्धिक अपंग माणूस हीच मुळात नवी गोष्ट आहे. हे सगळं मान्य करूनही मूळ मुद्दा ढळत नाही. जुनी व्यवस्था न्याय्य होती असा दावा मी करत नाही. त्या व्यवस्थेत हालचाल कामात मुरलेली होती, वेगळी द्यावी लागत नव्हती, एवढंच मला दाखवायचं आहे. यंत्राची होडी आली, बर्फ आला, माल ओला असतानाच टेम्पोतून मुंबईकडे निघू लागला, जाळी नायलॉनची झाली, तसतसे हे बारीक तुकडे कमी झाले. जे उरले ते मजुरीवर आलेल्या माणसांकडे गेले, आणि मजुरीवरचा माणूस वेगाने काम करतो. हळू हात आधी बाजूला झाले. अपमान आणि पिळवणूक कमी झाली असेल तर चांगलंच. पण त्यांच्यासोबत हालचालही गेली आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवलं गेलं नाही.

दुसरं काय ठेवता आलं असतं, हे जगाला ठाऊक नव्हतं असं मात्र नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या शिक्षणाचा आरंभच व्यायामातून झालेला आहे. एदुआर सेगँ या फ्रेंच शिक्षकाने १८४६ मध्ये आपला ग्रंथ छापला तेव्हा, ज्यांना शिकवणं अशक्य म्हणून सोडून दिलं जाई त्या मुलांबाबत त्याचा आग्रह होता की आधी स्नायू, मग इंद्रियं, मग बुद्धी. शिडीवर चढणं, झोका, तोल सांभाळत चालणं, ओझं उचलणं, ही त्याच्या शाळेची पहिली इयत्ता. पुढे तो अमेरिकेला गेला आणि १८६६ मध्ये त्याने हीच पद्धत इंग्रजीत मांडली. रोममध्ये मारिया मॉन्टेसोरी या तरुण डॉक्टर अशाच मुलांमध्ये काम करत होत्या. त्यांनी सेगँचं लेखन अक्षरशः हाताने उतरवून काढलं. त्यांची जी साधनं आज जगभरच्या बालवाड्यांत दिसतात त्यांचा उगम तिथे आहे. मॉन्टेसोरींनी ती नंतर सर्वसाधारण मुलांसाठी वापरली आणि त्या त्याच कामासाठी जगप्रसिद्ध झाल्या. तो विचार गुजरातेत गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ताराबाई मोडक यांच्यापर्यंत आला. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि देशाला अंगणवाडीची कल्पना मिळाली. बोर्डी आणि कोसबाड ही अर्नाळ्याच्या उत्तरेला, याच किनारपट्टीवरची, आता याच पालघर जिल्ह्यातली गावं. म्हणजे मंदबुद्धी ठरवलेल्या मुलांसाठी शोधलेली, शरीरापासून सुरू होणारी शिक्षणपद्धत पॅरिस, रोम, भावनगर असा प्रवास करत शंभर वर्षांत आपल्या किनाऱ्यावर आली खरी, पण वाटेत ती ज्यांच्यासाठी निघाली होती तेच मागे राहिले. ताराबाई-अनुताईंचं काम याने तसूभरही कमी होत नाही. आदिवासी पाड्यांवरच्या मुलांपर्यंत त्यांनी ते नेलं, आणि तसं तेव्हा दुसरं कोणी करत नव्हतं. तरीही ज्ञान नव्हतं ही सबब या किनाऱ्याला तरी देता येत नाही.

महाराष्ट्राला व्यायामाची परंपरा उसनी आणावी लागली नाही, त्यामुळे इथली उणीव जास्त डोळ्यांत भरते. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये काढलं. १९३६ साली त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. पुण्यात १९२४ मध्ये महाराष्ट्रीय मंडळ, दादरला त्याच सुमारास श्री समर्थ व्यायाम मंदिर. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, आणि त्यांचा विचार तर सर्वांत व्यापक होता. बायका, मुलं, म्हातारे, कोणीही, साधनाशिवाय, घरच्या घरी. पण या चळवळीपुढे परक्या राज्याशी टक्कर देणारा देह उभा करण्याचं ध्येय होतं. ज्याच्याकडून देशकार्याची अपेक्षाच नाही त्याच्या देहाचा विचार त्यात कुठून येणार? तालमीत उस्ताद शिकवतो तो उत्तम शिष्याच्या नजरेने. जो दहा वेळा सांगून अकराव्यांदा विसरतो त्याच्यासाठी तिथे फार तर माती मळण्याचं काम. माझ्या मते ही परंपरेची क्रूरता नसून तिची मर्यादा होती. ती ओलांडता येते हेही त्याच परंपरेतल्या माणसांनी पुढे दाखवलं. समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांनी दिव्यांग आणि अनाथ मुलांना मल्लखांब शिकवला. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस, मतिमंद, मूकबधिर मुलांसाठी जे घर उभारलं त्याला नाव आहे अंबादासपंत वैद्यांचं. तिथल्या रहिवाशांच्या हातांनी हजारो झाडं लागली आणि जगवली गेली. खड्डा खणणं, पाणी वाहून नेणं, आळं करणं हा तिथला व्यायाम. देशपांडे आणि पापळकर या दोघांनाही २०२४ सालीच पद्मश्री मिळाली, हा योगायोग बरा वाटतो.

मग शाळांनी काय केलं? मानखुर्दला चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मंदबुद्धी मुलांचं गृह काढलं. १९४४ मध्ये होरमसजी आणि दीना वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून शाळा सुरू केली, तीच आज शिवडीच्या टेकडीवरची जय वकील. १९६४ मध्ये पुण्यात कामायनी. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष शाळा आल्या, आणि त्यांनी मुलांना घराबाहेर काढलं, हे त्यांचं ऋण मोठं आहे. पण शाळेची चौकट मुलाची असते. अनुदान, पटसंख्या, शिक्षकांची पदं, सगळं अठरा वर्षांपर्यंत. एकोणिसाव्या वर्षी तो घरी येतो किंवा नशीब असेल तर कार्यशाळेत जातो. आणि कार्यशाळेत काय चालतं? पणत्या रंगवणं, मेणबत्त्या, राख्या, पाकिटं, फाइली, मण्यांच्या माळा. सगळं बसून करण्याचं काम. निवड समजण्यासारखी आहे. माल विकला पाहिजे, एका शिक्षकाला पंधरा-वीस जणांवर लक्ष ठेवता आलं पाहिजे, कोणी उठून रस्त्यावर जाता कामा नये. पण परिणाम असा की ज्याला पुनर्वसन म्हणतो त्यानेच माणसाला पुन्हा खाली बसवलं. बक्षीस म्हणून बिस्किट आणि चॉकलेट देण्याची सवय शाळेत लागलेली असते, ती पुढे सुटत नाही. चिडचिड आवरण्यासाठी दिलेल्या रिस्पेरिडोनसारख्या गोळ्यांनी आणि फेफऱ्यासाठी दिलेल्या व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं. इतकं सगळं झाल्यावर पस्तिशीत मधुमेह निघाला की आपण म्हणतो, हे लोक असेच असतात.

‘हे लोक असेच असतात’ या समजुतीची पहिली कसून तपासणी कॅनडात झाली. १९६० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक हेडन या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासकाने टोरांटोत अशा मुलांची शारीरिक क्षमता मोजली. ती इतर मुलांच्या निम्मी भरली. तेव्हाची रूढ समजूत अशी की मेंदूतल्या दोषाबरोबर हे येणारच. हेडनने मुलांना पद्धतशीर व्यायाम दिला आणि दाखवलं की दरी बरीचशी भरून येते. उणीव होती ती संधीची. हेच काम पुढे युनिस केनेडी श्रायव्हर अमेरिकेत १९६२ पासून आपल्या घराच्या अंगणात अशा मुलांसाठी भरवत असलेल्या शिबिराशी जुळलं आणि २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिलं स्पेशल ऑलिम्पिक भरलं. मात्र प्रौढांची स्थिती आजही वाईट आहे. २०१६ मध्ये पंधरा अभ्यासांतल्या तीन हजारांहून अधिक बौद्धिक अपंग प्रौढांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. किमान शिफारशीएवढी हालचाल करणारे निघाले अवघे नऊ टक्के. नेदरलँड्समध्ये पन्नाशीपुढच्यांना पावलं मोजणारं यंत्र लावलं, तेही जे बऱ्यापैकी चालू शकतात त्यांनाच, तर दिवसाला दहा हजार पावलं टाकणारे साधारण सहातले एक. त्या पंधरा अभ्यासांत अभ्यासागणिक आकडे फार बदलतात, शून्यापासून शेहेचाळीस टक्क्यांपर्यंत. मला या संपूर्ण पुराव्यात हा चढउतारच सर्वांत बोलका वाटतो. अपंगत्वाचा स्वभावच बसण्याचा असता तर तो सगळीकडे सारखा दिसला असता. जागा, व्यवस्था आणि सोबत बदलली की आकडा बदलतो.

यावर वैद्यकीय बाजूने उत्तर येईल, आणि ते टाळून चालणार नाही. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू जन्मतः ढिले असतात, थायरॉइड मंद असण्याचं प्रमाण जास्त, जोराच्या व्यायामातही हृदयाचे ठोके इतरांइतके चढत नाहीत. काहींच्या मानेतला वरचा सांधा सैल असतो, त्यांना कोलांटउडी किंवा शीर्षासन घातक ठरू शकतं. म्हणून मल्लखांब असो की योगासनं, आधी तपासणी हवी, आणि उत्साही शिक्षकाने हे विसरून चालत नाही. पण यातली प्रत्येक गोष्ट वरची मर्यादा सांगते. हा माणूस मॅरेथॉन जिंकणार नाही, एवढंच त्यातून निघतं. त्याने अर्धा तास चालू नये असं निघत नाही. शिवाय बौद्धिक अपंगत्व असलेल्या बहुतेकांना डाऊन सिंड्रोम नसतो. त्यातल्या पुष्कळांच्या शरीरात तसा काही अडसर नाही, आणि बसलेले तेही तितकेच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात अपंग प्रौढांचा पहिल्यांदा वेगळा विचार केला आणि त्यांच्यासाठीही आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम हालचाल हेच माप सांगितलं.

दुसरा आक्षेप असा की बसून राहण्याचा रोग आता सगळ्यांचाच. तोही खरा आहे. २०२२ साली भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, बायकांत तर सत्तावन्न टक्के. विरारहून लोकलने रोज चर्चगेटला जाऊन खुर्चीत बसणारा माणूस अर्नाळ्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला काय व्यायाम शिकवणार! तरी दोघांच्या बसण्यात एक मोठा फरक आहे. नोकरदाराला स्टेशन गाठायला, जिना चढायला, बाजारातून भाजी आणायला हलावंच लागतं, आणि ठरवलं तर तो पहाटे किनाऱ्यावर चालायला जाऊ शकतो. ओट्यावरच्या माणसाला उंबरठा ओलांडायलाही कोणाची तरी परवानगी आणि सोबत लागते. सोबत करणारी बहुधा आई असते, आणि तो चाळिशीत येतो तेव्हा ती सत्तरीकडे झुकलेली. तिच्या अंगात रोज एवढ्या मोठ्या माणसाला हाताला धरून नेण्याचं बळ नाही, आणि तिच्यानंतर त्याचं वजन कोण पेलणार ही तिची दुसरी चिंता. मुलगी असेल तर बंदोबस्त आणखी कडक. आईबापांची भीती खोटी नाही. गर्दीचा रस्ता, पर्यटकांच्या गाड्या, समुद्र, आणि मुलीच्या बाबतीत माणसं. २०११ मध्ये बारा लाखांवर गेलेलं वसई-विरार शहर अर्नाळ्याच्या वेशीला भिडलं आहे. सगळे सगळ्यांना ओळखत असल्याने जी नजर आपोआप राहत असे ती आता गृहीत धरता येत नाही. ही भीती उपदेशाने जात नाही. ती सोबतीने जाते, आणि सोबतीला पैसे लागतात.

पालकांनी हे फार आधी ओळखलं. बदलापूरची आधार, डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेचं खोणीतलं घरकुल ही मोठ्या झालेल्या मुलांसाठी पालकांनीच एकत्र येऊन उभारलेली घरं. दिवसाला शिस्त, बागकाम, सोबत असलेली माणसं. एकट्या घरात जे शक्य नाही ते अशा ठिकाणी जमतं. पण सगळ्यांना संस्थेत पाठवणं हा उपाय नाही. जागा मोजक्या, खर्च बऱ्याच कोळी कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा, आणि निवासी संस्था म्हटली की ती चांगलीच असेल याची हमी नाही. राज्यातल्या मतिमंद मुलांच्या गृहांतल्या स्थितीची दखल २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली होती. शिवाय ज्याने जन्म किनाऱ्यावर काढला त्याला व्यायामासाठी किनाऱ्यापासून दूर न्यायचं, यात काही तरी उलटं आहे.

स्पर्धांविषयीही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. २०१९ मध्ये अबुधाबीच्या जागतिक स्पेशल ऑलिम्पिकमधून भारतीय खेळाडूंनी ३६८ पदकं आणली, २०२३ मध्ये बर्लिनमधून २०२. ती पदकं हेडनच्या निष्कर्षाचा जिवंत पुरावा आहेत आणि त्यांची टिंगल करण्याचं काही कारण नाही. मात्र स्पर्धा तरुण आणि निवडक शरीरांकडे वळते. पंचेचाळीस वर्षांचा, थोडा लंगडत चालणारा, शब्द न फुटणारा माणूस तिच्या हिशेबात येत नाही. व्यायामशाळेच्या परंपरेने जी चाळणी लावली होती तीच इथे थोड्या मोठ्या भोकांनी परत येते. अशा माणसाला पदक नको असतं, रोजचा अर्धा तास हवा असतो.

तो कुठून यायचा, याची तरतूद कागदावर आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं तिसावं कलम खेळ आणि शारीरिक हालचालीच्या संधीची जबाबदारी सरकारवर टाकतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे आहेत, आणि अर्नाळ्याचा कारभार आजही ग्रामपंचायतीकडे आहे. हा पैसा रोख मदतीत किंवा वस्तूंत वाटून टाकणं सोपं असतं. वाटपाचा फोटो निघतो, हिशेब जुळतो. त्यातून गावातल्याच एका-दोघांना मानधन देऊन रोज ठरलेल्या वेळी घराघरांतून चार-पाच जणांना किनाऱ्यावर चालायला नेता येईल. ओहोटीला घट्ट झालेल्या वाळूवर गाड्यांची भीती नाही, चढ नाही, आणि पाय ढिला असलेल्या माणसाला पडण्याची धास्तीही रस्त्यापेक्षा कमी. सुगीच्या महिन्यांत ज्या घरांना चालेल तिथे वलांडीवरचं काम, पण मजुरी मोजून आणि हवं तेव्हा थांबण्याच्या मुभेने. जुन्या काळी या दोन गोष्टी नव्हत्या, म्हणून ते काम जसंच्या तसं परत आणण्यात अर्थ नाही. वसई तालुक्यात १९९० पासून दरवर्षी डिसेंबरच्या अखेरीस कला-क्रीडा महोत्सव भरतो, २०११ मध्ये महापौर मॅरेथॉनही सुरू झाली. मैदान, स्वयंसेवक, डॉक्टर, पाण्याची सोय, सगळं तिथे हजर असतं, आणि त्यात या प्रौढांच्या चालण्याचा एक गट घालायला वेगळं अंदाजपत्रक लागत नाही. पण महोत्सव सहा दिवसांचा, मॅरेथॉन एका सकाळची. उरलेल्या वर्षाचा प्रश्न ग्रामपंचायतीच्या पाच टक्क्यांतून कोणाला आणि कशाला पैसे द्यायचे, या ठरावापाशीच येऊन थांबतो. आणि ग्रामसभेत हात वर करून स्वतःसाठी काही मागणं ज्यांना जमत नाही, त्यांच्या वतीने तो ठराव त्यांच्या शेजाऱ्यांना मांडावा लागेल.